तुरा आखूड, हिवाळा लांब: क्यूबेकची शाँतक्लेर कोंबडी

[कोंबड्याचं डोकं, अगदी जवळून]

हा कोंबडाच आहे. वजन चार किलोच्या घरात, छाती रुंद, आणि पहाटे आरवायला लागला की शेजारपाजाऱ्यांची पर्वा करत नाही. पण तुरा शोधायला गेलात तर चोचीच्या मुळाशी एक बसका, लाल उंचवटा तेवढा दिसेल. चोचीखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्याही नावालाच. शाळेतल्या पोराला कोंबडा काढायला सांगा, ते आधी करवतीसारखा तुरा काढतं. या कोंबड्यापुढे त्याची पंचाईतच व्हायची.

ही जात शाँतक्लेर. मूळ गाव ओका, कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात, माँट्रियलच्या पश्चिमेला. जानेवारीत इथे उणे वीस ही काही बातमी नसते. अधूनमधून पारा उणे तीसपर्यंतही उतरतो.

[बर्फाने झाकलेलं परस, मागे लाकडी खुराडं]

थंडी कोंबडीला नेमकी कुठे पकडते, ते आधी बघू. पिसांच्या आत ती सुखात असते. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास. रात्री पिसं फुलवून दांड्यावर बसली की तिच्याभोवती उबदार हवेचा थर धरून राहतो. उघडे राहतात ते तुरा, पाळ्या आणि पाय. तुऱ्यात रक्त भरपूर खेळतं, वर पिसांचं पांघरूण नाही. उन्हाळी मुलखात हे वरदान ठरतं, कारण अंगातली उष्णता तिथूनच बाहेर पडते. इटलीकडच्या लेगहॉर्नचा तुरा उगाच एवढा मोठा नाही. तीच लेगहॉर्न क्यूबेकमध्ये आणली की कडाक्याच्या एका रात्रीत तुऱ्याची टोकं गोठतात, पुढे काळी पडतात आणि झडतात. कोंबडा दुखण्याने बेजार होतो, काही आठवडे त्याच्यापासून अंडी फळत नाहीत. पाळ्यांचं दुखणं आणखी वेगळं. पाणी प्यायला वाकलं की त्या भांड्यात बुडतात, आणि ओली कातडी त्या हवेत टिकत नाही.

यावर सरळ उपाय म्हणजे खुराडं तापवा. ओकाच्या एका साधूने उलटा विचार केला.

[जुनं छायाचित्र: दगडी मठ, पुढे तळं]

ओकाचा मठ ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाचा होता. फ्रान्समधून आलेल्या साधूंनी तो १८८१ मध्ये वसवला. प्रार्थना आणि अंगमेहनत, अशी त्यांची दिनचर्या. शेती होती, शेतकी शाळा होती, आणि १८९३ पासून ते बनवू लागलेलं ओका चीज आजही दुकानात मिळतं. मठाचा कोंबड्यांचा वाडा ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांच्याकडे होता. वाड्यात जाती पुष्कळ होत्या, पण सगळ्या बाहेरून आलेल्या, अमेरिकेतल्या नाही तर युरोपातल्या. कॅनडाच्या हिवाळ्याचा विचार करून तयार केलेली एकही नव्हती. विल्फ्रिड यांना अशी कोंबडी हवी होती जी हिवाळ्यातही अंडी देईल, जिच्या अंगावर मांस असेल आणि जिला गोठण्यासारखा तुराच नसेल. गंमत अशी की ट्रॅपिस्ट साधू स्वतः मांस खात नाहीत. चवीचा निवाडा त्यांनी कुणावर सोपवला होता कोण जाणे.

१९०८ मध्ये त्यांनी दोन संकर एकदम सुरू केले. एकीकडे डार्क कॉर्निश कोंबडा आणि पांढरी लेगहॉर्न कोंबडी. दुसरीकडे ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पांढरी वायनडॉट. पुढच्या वर्षी पहिल्या संकराच्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, दुसऱ्या संकराच्या कोंबड्याला दिल्या. त्यांच्या निवडक पिल्लांवर मग पांढरा प्लिमथ रॉक सोडला. अंड्यांसाठी लेगहॉर्न घेतली, छातीच्या मांसासाठी कॉर्निश, भरलेल्या अंगासाठी बाकीच्या. त्यानंतरचं खरं काम म्हणजे निवड, आणि ते वर्षानुवर्षं चाललं. ज्या पिल्लाचा तुरा वाढला ते बाद. जी कोंबडी डिसेंबरात अंडी द्यायची थांबली, तीही बाद. १९१८ मध्ये जात लोकांपुढे आली, आणि १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला मान्यता दिली.

इथे थोडं आपल्या घराकडे वळू. डार्क कॉर्निशला ब्रिटनमध्ये आजही ‘इंडियन गेम’ म्हणतात, कारण कॉर्नवॉलमध्ये ती तयार झाली ती आपल्याकडच्या असील कोंबड्यांच्या रक्तावर. झुंजीचा असील, ताठ मानेचा, हाडापेराने मजबूत, कमी तुऱ्याचा. म्हणजे बर्फात उकरत बसलेल्या या पांढऱ्या कोंबडीच्या रुंद छातीत थोडासा असीलही आहे. म्हणून कुणी ती नागपूरला न्यायच्या फंदात पडू नये. दाट पिसं आणि नावापुरता तुरा घेऊन विदर्भातला मे महिना काढणं तिच्याच्याने व्हायचं नाही. तिकडे उघड्या मानेची कोंबडी बरी.

[तपकिरी, पिसांवर नक्षी असलेली कोंबडी]

ही दुसऱ्या रंगाची शाँतक्लेर. ती मठातली नव्हे. दूर पश्चिमेला अल्बर्टा प्रांतात, एडमंटन इथे, डॉ. जे. ई. विल्किन्सन यांनी वेगळ्याच जातींच्या संकरातून ती तयार केली. १९३५ मध्ये तिलाही शाँतक्लेर म्हणूनच मान्यता मिळाली. नाव एक, घराणी दोन. दोन्हीकडचे पाळणारे अजूनही एकमेकांना त्याची आठवण करून देतात.

मग कारखान्याच्या कोंबड्या आल्या. एक वाण नुसत्या अंड्यांचा, वर्षाला तीनशेच्या वर. दुसरा नुसत्या मांसाचा, सहा आठवड्यांत कापायला तयार. शाँतक्लेर वर्षाला दोनशेच्या आसपास तपकिरी अंडी देते, आणि तिचा नर चुलीवर चढवण्याजोगा व्हायला चार-पाच महिने घेतो. दोन्ही कामं करणारी कोंबडी दोन्हीकडच्या हिशेबात मागे पडली. १९७९ मध्ये सस्कॅचवान विद्यापीठातला कळप मोडला, तेव्हा जात संपलीच असं जाणकार धरून चालले. पण क्यूबेकच्या काही शेतांवर ती होतीच. तिला वाचवण्याचं व्रत वगैरे तिथे कुणी घेतलेलं नव्हतं. हिवाळ्यात अंडी मिळतात, म्हातारी झाली की रस्सा होतो, एवढ्यावर घरच्यांनी ती ठेवली होती. १९९९ मध्ये क्यूबेकने कायदा करून कॅनेडियन घोडा आणि कॅनेडियन गाय यांच्याबरोबर शाँतक्लेरलाही प्रांताच्या शेतीवारशात बसवलं. कायद्याने मान मिळाला हे खरं. दाणापाणी मात्र आजही ज्याच्या परसात खुराडं आहे त्यालाच करावं लागतं.

[खुराड्याच्या आत, जानेवारीतली सकाळ]

आत आल्यावर पहिली नजर खिडकीच्या काचेवर टाका. आतल्या बाजूने दव गोठलेलं दिसलं, तर चूक थंडीची नाही, दमटपणाची आहे. कोंबडीच्या विष्ठेत पाऊण हिस्सा पाणी, त्यात श्वासाची वाफ. सगळं बंद करून घेतलं की ही ओल तुऱ्यावर आणि पायांवर बसते, आणि कोरड्या उणे वीसमध्ये जे गोठलं नसतं ते इथे गोठतं. म्हणून छपराखाली, कोंबड्यांच्या डोक्याच्या वर, झरोके हिवाळाभर उघडे. खालून मात्र वाऱ्याची एक झुळूक आत यायला नको. नवख्याला हे पटत नाही. तो हटकून फटी बुजवत सुटतो.

खाली लाकडाच्या भुश्शाची जाड गादी. ती हिवाळ्यात उपसायची नाही. वर नवा भुसा टाकत राहायचं, मधूनमधून हलवायचं. खाली कुजताना ती थोडी ऊबही देते. अमोनियाचा वास नाकाला झोंबला, तर गादी ओली झाली असं समजायचं.

बसायचा दांडा गोल नाही, चपटा आहे, रुंद बाजू वर केलेला. त्यावर बसलं की नख्या खाली वळत नाहीत. पंजे पसरतात आणि छातीच्या पिसांखाली झाकले जातात. एवढ्याशा फरकाने बोटं वाचतात.

पाण्याची मात्र रोजची कटकट. वीज असेल तर भांड्याखाली तापणारी तबकडी ठेवतात. नसेल तर रबरी घमेलं. सकाळी ते उलटं करून पायाने दाबलं की बर्फाची आख्खी चकती निसटते, मग कोमट पाणी. अंडीही दिवसातून दोन-तीनदा गोळा करावी लागतात, नाही तर आतला बलक गोठून फुगतो आणि कवच तडकतं. संध्याकाळी मूठभर अख्खा मका, रात्रभर पचत राहतो. तापवायचा दिवा बहुतेकजण टाळतात. भुसा, धूळ आणि लोंबता दिवा एकत्र आले की खुराडं पेटायला वेळ लागत नाही. उजेडाची गोष्ट वेगळी. डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा, आणि अंड्यांना चौदा तासांचा उजेड लागतो. म्हणून कुणी पहाटेचा एक साधा बल्ब टायमरवर लावतं, तर कुणी म्हणतं, घेऊ दे तिला विसावा. पहिल्या वर्षाच्या तलंगा मात्र बल्बाविनाही बऱ्यापैकी घालत राहतात.

[आकाशात बर्फहंसांचे थवे]

वसंत आणि शरद, दोन्ही ऋतूंत सेंट लॉरेन्स नदीवर हे थवे उतरतात. दिसायला देखणे, पण डिसेंबर २०२१ मध्ये कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर बर्ड फ्लूचा नवा विषाणू सापडल्यापासून परसातले पाळणारे त्यांच्याकडे निराळ्या नजरेने बघतात. या दिवसांत कोंबड्या जाळीछपराखाली, आणि खुराड्यात जायचे बूट वेगळे.

[शरद ऋतू, नर निवडताना]

ऑक्टोबर हा निवडीचा महिना. वसंतात उबवलेल्या पिल्लांत निम्मे नर निघतात, आणि सगळे ठेवले तर कळपात रोज मारामारी. प्रत्येकाला हातात घेऊन छाती चाचपायची, पाय बघायचे, स्वभाव बघायचा. माणसावर धावून येणारा कितीही देखणा असला तरी ठेवायचा नाही. दोन-तीन राहतात, बाकीचे हिवाळ्याआधी फ्रीजरमध्ये. जी माणसं या पायरीवर कच खातात, त्यांचा कळप चार-पाच पिढ्यांत नुसत्या पांढऱ्या कोंबड्यांचा होतो, शाँतक्लेरचा राहत नाही.

खुडूक बसलेली एखादी कोंबडी पिल्लं काढते, पण तिच्या मर्जीवर वर्षाचा हिशेब बसत नाही, म्हणून एप्रिलमध्ये उबवणी यंत्र लागतं. एकवीस दिवस. त्याआधी नर बाहेरून आणलेला बरा, कारण कळप लहान आणि सगळी एकमेकांची भावंडं. शंभर-दीडशे किलोमीटरवर दुसरा कुणी शाँतक्लेर पाळत असतो. त्याचा नर इकडे, इकडचा तिकडे, पैशांची देवघेव बहुधा नाहीच. दोघेही आपापल्या घरी जाऊन बायकोला सांगतात की आपण दिलेला कोंबडा जास्त चांगला होता.