चिकटपट्टीच्या तीन रेषा

[जवळून: करड्या फोमवर एकच उघडा पाय]

हा उजवा पाय जरा नीट पाहा. अंगठा फोममध्ये रुतलाय. बाकीची चार बोटं आखडून काहीतरी घट्ट धरायला बघताहेत. बाहेरच्या घोट्यामागे एक दोरीसारखी शीर ताणते, सैल पडते, पुन्हा ताणते. वरून बघणाऱ्याला वाटतं, बाई शांत उभी आहे. खाली पाय एक क्षणही थांबलेला नाही.

डोळे मिटलेले, हात कमरेवर. अकराव्या सेकंदाला टाच उचलली गेली. वहीत एक उभी रेघ पडली. एक चूक.

[खोलीचं दृश्य, खिडकीबाहेर पाऊस]

ठाण्यात नौपाड्यातली ही फिजिओथेरपीची खोली. फोमवर उभी आहे ती कळव्याची कबड्डीपटू, चढाई करणारी. दीड वर्षापूर्वी उजवा पाय आतल्या बाजूला मुरगळला. सूज उतरली, क्रेप बँडेज सुटलं, ती मैदानात परतली. त्यानंतर तोच पाय आणखी दोनदा मुरगळला. मधल्या काळात जिन्यावर, पेव्हर ब्लॉकच्या फटीत, कधी सपाट रस्त्यावरही तो अचानक वळतो. ती म्हणते, "पाय दगा देतो." फिजिओ मॅडम याच तक्रारीचं माप काढताहेत.

[फलकावर घोट्याचं चित्र]

पाय आत मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा बाहेरच्या घोट्यापासून पुढे जाणारा अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड जोडणारा पट्टा, आधी ताणला किंवा फाटला जातो. जोर जास्त असेल तर त्याच्या खालचा, टाचेकडे जाणाराही. अस्थिबंध म्हणजे नुसती दोरी नव्हे. सांधा किती वळला याची खबर वर मेंदूकडे पोचवणारे संवेदनाग्राही त्यात असतात. १९६५ मध्ये ब्रिटिश अस्थिरोगतज्ज्ञ एम. ए. आर. फ्रीमन यांनी असे रुग्ण एका पायावर उभे करून पाहिले. दुखावलेल्या पायावर तोल वाईट निघाला. अस्थिबंधाबरोबर ही खबर देणारी यंत्रणाही जखमी होते, असं त्यांनी मांडलं. पुढच्या संशोधनात ही गोष्ट बरीच गुंतागुंतीची ठरली. पोटरीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंचा जोर, नितंबाचे स्नायू, मेंदूची आज्ञा, सगळं त्यात आलं. पण एका पायावर उभं करून बघायची रीत तिथून रुळली.

[टेबलावर प्रश्नावली, पेन्सिल फिरते]

आधी कागद. नऊ प्रश्न, एकूण ३० गुण, प्रत्येक घोट्याचे वेगळे. जिना उतरताना काय होतं, झटकन वळताना काय होतं, एका पायावर उडी मारताना काय होतं. २४ किंवा कमी गुण आले, पहिली दुखापत होऊन वर्ष उलटलं असेल, शेवटची मुरगळ तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल आणि पाय वारंवार वळत असेल, तर घोट्याची जुनाट अस्थिरता धरायला आधार मिळतो. हिचे उजवीकडे १७, डावीकडे २९.

[गुडघा भिंतीला टेकतो]

ही कृती पुष्कळ जण गाळतात. पाय भिंतीसमोर, टाच जमिनीला, गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा. मग पाय थोडा मागे. टाच न उचलता गुडघा टेकतो ते शेवटचं अंतर अंगठ्याच्या टोकापासून भिंतीपर्यंत मोजायचं. घोटा आखडलेला असेल तर पुढे होणाऱ्या चाचणीत समोरचा आकडा कमी येतो आणि दोष तोलावर जातो. म्हणून आखडलेपणा आधी वेगळा काढून ठेवायचा.

[पुन्हा फोम]

आता त्या उभ्या रेघांकडे. तीन प्रकारे उभं राहायचं: दोन्ही पाय जोडून, एका पायावर, आणि एकापुढे एक पाय ठेवून. आधी फरशीवर, मग फोमवर. म्हणजे सहा वेळा, प्रत्येकी २० सेकंद, डोळे मिटून. एरवी एका पायावरची चाचणी कमी वापरातल्या पायावर घेतात. घोट्यासाठी दुखरा पाय घ्यायचा, मग दुसरा.

हात कमरेवरून सुटला, डोळे उघडले, पाऊल पडलं, टाच किंवा चवडा उचलला, नितंबातून पाय ३० अंशांपेक्षा जास्त हलला, पाच सेकंदांहून अधिक जागा सुटली: यातलं काहीही झालं की एक चूक. दोन चुका एकाच क्षणी झाल्या तरी मोजायची एकच. एका फेरीत जास्तीत जास्त १०. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा फेऱ्या मिळून १४ किंवा जास्त चुका ही अस्थिर घोटा ओळखायची सीमा निघाली. हिच्या १९.

डोळे मिटायला लावण्याचं कारण आहे. असे रुग्ण तोलासाठी नजरेवर जास्त विसंबतात. समोरच्या भिंतीवर नजर रोवली की पायाची उणीव झाकली जाते.

फोम सुमारे ६ सेंटिमीटर जाड, दाबला की परत फुगणारा हवा. गादीवाल्याकडचा मऊ फोम चालत नाही. पाय थेट फरशीला लागतो आणि चुका खोट्या कमी येतात. वर्षभर वापरून बसलेल्या फोमचंही तेच.

[फरशीवर चिकटपट्टी ओढली जाते, वरून चित्रण]

आणि या तीन रेषा, एका पायावर उभं राहून दुसरा पाय किती लांब नेता येतो ते मोजायला. मूळ चाचणीत आठ दिशांचा तारा असतो. त्यातल्या तीन पुरेशा ठरल्या: समोर, आणि मागे दोन तिरक्या. मागच्या रेषा समोरच्या रेषेशी १३५ अंश करतात. कोनमापक लागत नाही. चौकोनी फरशीचा सांधा धरून समोरची रेषा ओढा. मागच्या दोन्ही फरशीच्या कर्णांवरून, सुतळी ताणून. मग शिंप्याची टेप प्रत्येक रेषेवर चिकटवा, सुरकुती न पडू देता. शून्य मधोमध.

पायाची लांबी झोपवून मोजतात: कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून आतल्या घोट्यापर्यंत. हिची ८२ सेंटिमीटर.

उजवा पाय मधे, अंगठा शून्यावर. डाव्या पायाने रेषेवर जमेल तितकं लांब जायचं, बोटाने हलका स्पर्श करायचा, परत यायचं. प्रत्येक दिशेला आधी चार सरावफेऱ्या, मग तीन मोजायच्या. सराव न देता मोजलं तर तिसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा येतो, आणि ती सुधारणा तोलाची नसते, सवयीची असते.

"टाच बघ, टाच," मॅडम म्हणतात. "उचलली मॅडम?" "उचलली. ही नाही धरत."

स्पर्शाच्या जागी वजन टाकलं तरी फेरी बाद. हे डोळ्यांना चटकन दिसत नाही. म्हणून मोजणारी व्यक्ती उभी नको, गुडघ्यावर बसलेली हवी, नजर फरशीच्या पातळीला. बूट नाहीत, मोजे नाहीत, घोट्याला पट्टी नाही.

[टेपवर अंगठा, आकडा स्पष्ट]

समोर: उजव्या पायावर ५२, डाव्यावर ५८. सहा सेंटिमीटरचा फरक. शाळकरी बास्केटबॉलपटूंवरच्या २००६ च्या अभ्यासात चारपेक्षा जास्त फरक असणाऱ्यांना पायाच्या दुखापतीचा धोका वाढलेला आढळला होता. उजव्या पायावर उभी राहून डावा पाय मागे डावीकडे नेला तर ७३. पायाच्या लांबीच्या ८९ टक्के. फोमच्या चुकांची सीमा ज्या अभ्यासातली, त्यातच या दिशेची सीमा ९१ टक्के होती. डावा पायही पूर्ण निर्दोष धरू नये, एकीकडच्या मुरगळीनंतर दोन्हीकडचा तोल बिघडल्याचं दिसून आलंय. म्हणून फरक आणि टक्केवारी दोन्ही लिहायचं.

[मॅटवर चढाई, संथ गतीत]

बोनस रेषेकडे पाहा. एक पाय रेषेपलीकडे टेकतो तेव्हा दुसरा हवेत असावा लागतो. एका पायाचा तोल, पूर्ण वेगात, समोर किमान सहा बचावपटू. फरशीवर मोजलं ते इथे लागतं.

[३० सेंटिमीटर अंतरावर दोन पट्ट्या]

उड्या शेवटी, सूज नसेल तरच. एका पायावर बाजूला ३० सेंटिमीटर, जाऊन-येऊन दहा वेळा. १२.८८ सेकंद किंवा जास्त लागले तर शंका. पण घड्याळ पुरत नाही. "पाय डगमगल्यासारखा वाटला का?" हे विचारायचंच. ती १२ सेकंदांत संपवते, आणि मान हलवून हो म्हणते. वहीत दोन्ही लिहिलं जातं.

फोर्स प्लेट इथे नाही. ती प्रयोगशाळेत दाबाचा केंद्रबिंदू किती भरकटतो ते टिपते. या खोलीत फोम, टेप, चिकटपट्टी आणि घड्याळ आहे, आणि पायावर खेळायचा निर्णय घ्यायला हे पुरतं. हे मोजमाप ठाण्यातल्या प्रत्येक तालमीत आणि क्रीडासंकुलात व्हायला हवं, सूज उतरली की लगेच नाही, पण मैदानात परत पाठवण्याआधी नक्की. न मोजता परतलेला घोटा पुन्हा मुरगळू शकतो, आणि वर्षांनी सांध्याची झीजही मागे लागू शकते.

[सहा आठवड्यांनी, तीच फरशी]

रोजच्या तोलाच्या आणि पोटरीच्या व्यायामांनंतर तेच माप, त्याच वेळी, त्याच फरशीवर, त्याच हातांनी. समोर ५६. मागे ७७. फोमवर टाच अजून उचलली जाते, पण सतराव्या सेकंदाला.

[जवळून: पायाची बोटं]