समोरच्याच्या मनात काय चाललंय, हे ऑटिस्टिक माणसाने ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी. आज एका आरोपावर बोलायचंय. "ऑटिझमवाल्यांना दुसऱ्याचं काही पडलेलंच नसतं." हे मी नातेवाइकांकडून ऐकलंय, अंबडला कंपनीत जाते तिथेही ऐकलंय. माझं निदान तिशीनंतर झालं. पडलेलं असतं हो, भरपूर पडलेलं असतं. फक्त ते आपोआप सुचत नाही.

१९८५ सालची एक प्रसिद्ध चाचणी आहे, बाहुल्यांची. सॅली तिची गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. मागे ॲन ती गोटी काढून डब्यात लपवते. आता सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? टोपलीतच, तिला बिचारीला काय माहीत! सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी हे २० ऑटिस्टिक मुलांना विचारलं. १६ मुलांचं उत्तर चुकलं. झालं, तेव्हापासून आमच्या कपाळावर शिक्का.

पण ती मुलं होती. २००९ मध्ये आत्सुशी सेंजू आणि सहकाऱ्यांनी ॲस्पर्गर (ऑटिझमच्याच एका प्रकाराला तेव्हा असं म्हणत) असलेल्या मोठ्या माणसांना घेऊन असाच प्रयोग केला. तोंडी विचारलं की यांची उत्तरं बरोबर. मग काहीच न विचारता नुसता व्हिडिओ दाखवला आणि नजर कुठे जाते ते टिपलं. इतरांची नजर आधीच योग्य जागी पोचायची, यांची नाही. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यातून माझं काम मला कळलं: प्रश्न कुणी विचारत नसेल, तर तो मीच मला विचारायचा.

आता निफाडच्या माझ्या मावशीचं घ्या. द्राक्षबाग आहे तिची. ऐन काढणीत, फेब्रुवारीत, तिचा फोन येतो: "काल रात्री पाऊस झाला गं." माझ्या डोक्यात पहिलं येतं ते, किती वेळ पडला? गारा होत्या का? हवामान खात्याने काय सांगितलं होतं? तिथे मी थांबते. तिच्या डोळ्यांसमोर आत्ता काय आहे? तडकलेले मणी. ठरलेला भाव पाडू पाहणारा व्यापारी. सोसायटीचं कर्ज. यातलं ती अक्षरही बोललेली नसते. हे सगळं मला माहीत असतं बरं का, पण ऐन वेळी हाताशी येत नाही, ओढून आणावं लागतं. आणि एवढं करूनही तिला माझ्याकडून काय हवंय, ते कळेलच असं नाही. मग सरळ विचारते, "मावशी, नुसतं बोलायचंय, का पंचनाम्याचं बघू?"

"बोलू दे गं जरा."

असं विचारणं कृत्रिम वाटतं म्हणे. मावशीला नाही वाटत.

आता दुसरी बाजू. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ. २०१२ मध्ये त्यांनी 'डबल एम्पथी प्रॉब्लेम' मांडला: न समजणं दोन्हीकडून असतं. पुढे २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींसारखा प्रयोग केला. सगळे ऑटिस्टिक असले तरी निरोप इतरांइतकाच नीट पोचला. गळती जास्त झाली ती ऑटिस्टिक आणि इतर अशा मिश्र साखळीत! आपल्याकडेच बघा ना, "ये ना एकदा घरी" म्हणणाऱ्याला मी तारीख विचारली की तो गडबडतो. त्याला तरी माझं मन कुठे वाचता आलं?

म्हणून ऑफिसातल्या मंडळींना मी सांगून ठेवलंय, नाही असेल तर नाही म्हणा, मला राग येत नाही. काहींना जमतं, काहींना मेलं तरी जमत नाही.

एक अडचण मात्र आहे. या सगळ्याला डोकं शांत लागतं. रविवारी सकाळी गर्दीतल्या मिसळीच्या टेबलावर, ताटांच्या खणखणाटात, माझ्याकडून हे होत नाही. तिथे कुणी मनातलं बोलायला लागलं तर मी म्हणते, "खाऊन होऊ दे, बाहेर जाऊन बोलू." लग्नाच्या हॉलमध्ये तेही करता येत नाही, कारण बाहेर बँड असतो. तुम्ही काय करता, कमेंटमध्ये लिहा.