होकारानंतर पुढे काय?

नमस्कार श्रोतेहो. विक्रीचं काम करणाऱ्या कुणाचीही वही उघडा, एक नोंद हमखास सापडेल: ‘कोटेशन दिलं. पुढच्या आठवड्यात फोन करणे.’ फोन होतो, पलीकडून ‘बघतो, कळवतो’ येतं आणि तीच नोंद पुढच्या पानावर जाते. माझ्या मते हा फॉलोअप नव्हे, हे नुसतं वाट पाहणं आहे.

१८८० च्या दशकात अमेरिकेत जॉन पॅटरसन यांच्या नॅशनल कॅश रजिस्टर या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत विक्रेत्यांनी काय बोलायचं ते छापून पाठ करून घेत. बोलण्याची तयारी हवीच. पण सौदा बहुतेक वेळा अडतो तो आपण तिथून उठून आल्यावर, ग्राहकाच्या कचेरीत. म्हणून आराखडा करायचा तो ग्राहकाला उचलाव्या लागणाऱ्या पावलांचा.

समजा, एका कारखान्याला पॅकिंगचं मशीन हवंय. डेमो आवडला. इथे किंमत काढण्याआधी विचारा, “साहेब, मशीन पसंत पडलं असं धरू. मग तुमच्याकडे पुढे काय काय होतं?” उत्तर साधारण असं येतं: प्लांटचे मॅनेजर बघतील, खरेदी विभागाला आणखी दोन कोटेशनं लागतील, तुमची व्हेंडर म्हणून नोंदणी होईल, अ‍ॅडव्हान्सला अकाउंट्सची मंजुरी लागेल. आता कळलं की सही करणारा माणूस तुम्ही अजून पाहिलेलाच नाही!

मग विचारा, मशीन चालू कधी हवं? त्या तारखेपासून उलटं मोजा. कामगारांना शिकवायला एक आठवडा, बसवायला तीन दिवस, तयार होऊन यायला चार आठवडे. ऑर्डर कधी निघाली पाहिजे ते दोघांनाही दिसतं. ही तारीख ग्राहकाच्या गरजेतून आलेली असते, त्यामुळे ‘ऑफर आजच संपतेय’ असली घाई करावी लागत नाही. मला ती घाई मुळीच पटत नाही, तिच्याने विश्वास जातो.

हे सगळं एका कागदावर मांडून त्यांनाही पाठवा. काम कुणाचं, कोणत्या तारखेपर्यंत, एवढंच. नोंदणीची कागदपत्रं तुमच्याकडे, मॅनेजरांची भेट ठरवणं त्यांच्याकडे. आणि ग्राहक एकाही कामाला तारीख देत नसेल, तर स्पष्ट विचारा, “ही खरेदी यंदा होणार आहे ना?” नाही म्हणाले, तर आभार माना, पुन्हा कधी बोलायचं ते ठरवा आणि तो वेळ दुसऱ्या ग्राहकाला द्या.