पानाला भोक पडलंय, पडू दे

(रुईचं पान, अगदी जवळून)

काळे, पांढरे, पिवळे पट्टे. अंगावर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. प्लेन टायगर फुलपाखराचा हा सुरवंट जेवायला बसलाय, पण लगेच तोंड घालत नाही. आधी पानाची शीर कुरतडतो, चीक गळू देतो. नाहीतर त्याच चिकात जबडा चिकटायचा! रुईचं जे विष पोटात जातं ते मात्र जपून ठेवतो. उद्या पंख फुटल्यावर एखाद्या पक्ष्यानं चोच मारलीच, तर तो पुन्हा याच्या वाटेला जात नाही.

(ड्रोन : गर्द झाडी, एका अंगाला मिठी नदी, दुसरीकडे धारावीचे पत्रे)

हे रान भर मुंबईतलं. महाराष्ट्र निसर्ग उद्यान, ३७ एकर. इथे पूर्वी शहराचा कचरा येऊन पडायचा. कचरा टाकणं बंद झालं, ढिगांवर माती आली, मातीत रोपं लागली. १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज या पायवाटेवरून चालताना पायाखाली काय आहे, हे सांगावं लागतं.

(ओहोटी. तिवरांची मुळं, बगळा)

नदीच्या कडेला तिवरं. चिखलातून बोटांसारखी वर आलेली ही मुळं श्वास घेतात.

(पांगारा, पानं झडलेला)

पान एक नाही, फांदीफांदीवर लाल फुलं. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, सगळ्यांची इथेच गर्दी.

(कढीपत्त्याचं पान)

पक्ष्याची शिट पडलीय म्हणाल. नीट बघा. ती चालतेय. हा कॉमन मॉर्मन फुलपाखराचा लहानगा सुरवंट.

मध प्यायला फुलपाखराला बरीच फुलं चालतात. अंडी घालायला मात्र ठरलेलंच झाड लागतं. रुई नसेल तर प्लेन टायगरची पिलावळ खाणार काय? आणि आपण सोसायटीच्या बागेत लावतो बॉटल पाम, नि कुंपणाला ड्युरांटा. चुकून कढीपत्ता असलाच आणि पानांना भोकं पडली, की लगेच माळ्याला फवारणी करायला सांगतो. ब्लू मॉर्मन २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. त्याच्या सुरवंटाचं लिंबाच्या झाडावर भागतं. अभयारण्य कुणी मागितलंय?

(उद्यानाचं फाटक, रस्त्यावरची वाहनं)

धारावीच्या पुनर्विकासात या जागेचंही नाव निघालं होतं. विरोध झाला.

(रुईच्या पानाची खालची बाजू)

हिरवा कोश, त्यावर सोनेरी ठिपके. आता कवच पारदर्शक दिसू लागलंय. आतले केशरी पंख दिसताहेत.

(इथून निवेदन नाही. फक्त जागेवरचा आवाज.)