अडीच इंच

(पडदा काळा. ग्राइंडरचा आवाज येतो, थांबतो. मग गॅरेज दिसतं.)

गाडीच्या छपराच्या खांबावर निळ्या टेपच्या दोन पट्ट्या चिकटवल्यात. एक वर, एक खाली, मधे अडीच इंच. मधला तुकडा कापून काढायचा आणि गाडीचं छप्पर तेवढं खाली बसवायचं, असं घरात ठरलंय. ठरलंय म्हणजे मायलेकींचं ठरलंय. ज्यांची गाडी आहे ते आजोबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून कॉफी पीत आहेत, आणि त्यांनी अजून 'हो' म्हटलेलं नाही.

हे दक्षिण कॅलिफोर्निया. मी या घराचा शेजारी. पहिल्यांदा या गॅरेजात आलो तो शिडी मागायला. शिडी मिळाली, पण जाता जाता 'ताडपत्रीखाली काय आहे' असं विचारून बसलो. तिथून पुढे तीन हिवाळे माझे शनिवार इथेच गेले. कॅमेरा आला तो नंतर.

ताडपत्रीखाली होती 1932ची फोर्ड. पाच खिडक्यांची कूप, म्हणजे दोन दारांची, बंद छपराची गाडी. पुढची मोठी काच मोजायची नाही. दोन दारांच्या, दारामागच्या दोन छोट्या आणि एक पाठीमागची, अशा पाच. त्याच साली तीन खिडक्यांचीही निघाली होती. तिची दारं उलटी, मागच्या बाजूला बिजागरी असलेली. तीन खिडक्यांवाले पाच खिडक्यांवाल्यांना जरा कमी लेखतात आणि पाच खिडक्यांवाले तीनवाल्यांना. त्यात आपण पडू नये.

1932च का, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. त्या वर्षी 31 मार्चला हेन्री फोर्डने आपलं व्ही-8 इंजिन लोकांपुढे ठेवलं. आठ सिलिंडरचं इंजिन तोवर श्रीमंतांच्या गाडीत असायचं. फोर्डने ते एकसंध ओतीव ब्लॉकमध्ये, मोठ्या संख्येनं आणि स्वस्तात काढलं. 221 घनइंच, 65 अश्वशक्ती. आज हा आकडा ऐकून कुणी मान वर करणार नाही, पण मंदीच्या ऐन काळात साध्या व्ही-8 कूपची किंमत 500 डॉलरच्या आत होती. हेन्रीचा मुलगा एडसेल याची नजर रूपावर, त्यामुळे गाडी दिसायलाही देखणी. शिवाय त्या वर्षीच्या चेसिसच्या कडा बाहेरून दिसतात आणि त्यांवरून एक लांब नक्षीची रेघ गेलेली असते. पुढच्याच वर्षी मडगार्डांनी ती झाकली. मडगार्ड काढून टाकले तरी उघडीबोडकी न वाटणारी गाडी म्हणून पोरांनी ही उचलली. नाव पडलं 'ड्यूस', म्हणजे पत्त्यातली दुर्री. बत्तीसमधला दोन.

(जुने कृष्णधवल फोटो. सपाट, भेगाळलेली जमीन. धुळीचे लोट.)

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावीचं वाळवंट. तिथे पावसाळी तळी आहेत, जी वर्षातले बहुतेक महिने कोरडी असतात आणि तव्यासारखी सपाट होतात. म्युरॉक, हार्पर, एल मिराज. तिशीच्या दशकात पोरं जुन्या फोर्ड घेऊन रात्रीच निघायची, पहाटे मडगार्ड, दिवे, काच, जे जे सुटेल ते सोडवून ठेवायची आणि गाडी पळवायची. 1937मध्ये या पोरांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, म्हणजे वेळ मोजणारी आणि नियम घालणारी संस्था. म्युरॉक पुढे लष्कराने घेतलं. आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. एल मिराजवर मात्र अजूनही गाड्या पळतात.

कूपला तिथे सुरुवातीला मान नव्हता. खरी शर्यतीची गाडी म्हणजे बिनछपराची रोडस्टर. कूप बाजाराला जायची गाडी. कूपवाल्यांना रसेटा नावाच्या दुसऱ्या संघटनेने जागा दिली. इथे पिअरसन बंधूंची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण या गॅरेजच्या भिंतीवर त्यांच्याच गाडीचा फोटो आहे.

बॉब आणि डिक पिअरसन, सख्खे भाऊ. त्यांची कूप 1934ची. वारा कापायचा तर छप्पर खाली हवं. नियम सांगायचा की पुढची काच किमान 7 इंच उंच असावी. पण ती किती तिरकी असावी, हे नियमात नव्हतं. भावांनी 7 इंचांची काच ठेवली आणि जवळजवळ आडवी केली. गाडी अशी दिसायला लागली की कुणी वरून हात ठेवून दाबली असावी. एडलब्रॉक या इंजिनाचे भाग बनवणाऱ्याच्या कारखान्यातलं इंजिन घालून या कूपने ताशी 150 मैल ओलांडले, म्हणजे 240 किलोमीटर. हॉट रॉड म्हणजे वेगासाठी कापून-बदलून घेतलेली जुनी गाडी; त्याच नावाच्या मासिकाच्या एप्रिल 1950च्या मुखपृष्ठावर ही कूप आली आणि कूपला कमी लेखणं बंद झालं.

त्याच वर्षी सांता ॲनाच्या विमानतळावर सी. जे. हार्ट यांनी ड्रॅग शर्यती, म्हणजे सरळ पट्टीवर थोड्या अंतराच्या शर्यती, सुरू केल्या. त्यांची बायको पेगी स्वतः गाडी घेऊन शर्यतीत उतरायची आणि पुरुषांना हरवायची. ही माहिती मला या घरातल्या नातीने दिली. ती सोळा वर्षांची आहे, आणि हे सांगताना तिचा आवाज जरा चढलेला होता.

(गॅरेज. आजोबांची लेक वेल्डिंगचा मुखवटा वर करते.)

घरात तिघं. आजोबा 81 वर्षांचे, टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात नोकरी गेली. लेक कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंग शिकवते. आणि नात, जिला गाडीचं शिकाऊ लायसन्स नुकतंच मिळालंय.

ही कूप आजोबांनी 1968मध्ये एका शेतातून आणली. इंजिन नव्हतं, सीट उंदरांनी खाल्लेली, छपरात भोक. भोक अपघाताचं नव्हे. 1932मध्ये एवढा मोठा छपराचा पत्रा एका दाबात काढण्याची सोय फोर्डकडे नव्हती. मधे लाकडी पट्ट्या आणि वर मेणकापडासारखं आच्छादन असायचं. ते कुजलं की आभाळ दिसतं.

इंजिन शोधण्यात पहिला हिवाळा गेला. या जुन्या व्ही-8ला 'फ्लॅटहेड' म्हणतात. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी असतात. हेड म्हणजे नुसतं झाकण. त्यामुळे जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातूनच, पाण्याच्या वाटेशेजारून बाहेर पडतो. त्यातही एका बाजूच्या चार सिलिंडरांना मिळून तीनच दारं, मधल्या दोघांना एकच सामाईक. चाळीतला सकाळचा नळ आठवा. उष्णता तिथेच साठते, आणि ब्लॉकला तडे जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. ब्लॉकला चुंबकत्व देऊन त्यावर लोखंडाची बारीक भुकटी टाकतात. तडा असेल तिथे भुकटी रेघ धरून उभी राहते. पहिल्या ब्लॉकवर रेघा उमटल्या. दुसऱ्यावर जास्तच. तिसरा, दुसऱ्या महायुद्धानंतरचा 239 घनइंचांचा, स्वच्छ निघाला. आजोबांनी त्या दिवशी सगळ्यांना टाको खाऊ घातले, मलाही.

त्यावर दोन स्ट्रॉमबर्ग 97 कार्ब्युरेटर बसले. मूळचे तारा-दांड्यांवर चालणारे ब्रेक काढून 1940च्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक आले. सीट बेल्टही आले. लेकीने त्यावर वाद घालू दिला नाही.

वाद होता छपराचा.

लेकीला तीन इंच हवे होते. आजोबा म्हणत, अस्सल पत्र्याच्या कूप आता उरल्यात किती? त्यावर ती म्हणे, हल्ली नवीकोरी पोलादी बॉडी तयार मिळते, अस्सल ठेवायचीच असेल तर म्युझियमला दे. हा भांडणाचा विषय या घराबाहेरही फार जुना आहे. एका बाजूला जीर्णोद्धारवाले, ज्यांना बोल्टही 1932चाच हवा. दुसऱ्या बाजूला हॉट रॉडवाले. त्यांच्या मते गाडी कापली नाही तर ती अजून आपली झालेली नाही. मी आपला कायद्याच्या देशातला. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेला हात लावू देत नाही, आणि 2021च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी दिली तीही तिच्यात मोठे फेरफार नसतील तरच. हे मी सांगितलं तेव्हा आजोबा लेकीकडे बघून म्हणाले, "शहाणा देश आहे."

नातीने पुठ्ठा आणला. खिडकीच्या वरच्या कडेला तीन इंचांची पट्टी लावली आणि आजोबांना आत बसवलं. आजोबा सहा फूट दोन इंच. त्यांना समोरचा रस्ता दिसत होता, वरचं काही नाही.

"सिग्नल कसा बघायचा?"

"सगळे वाकून बघतात, बाबा."

हे खरं आहे. छप्पर कापलेल्या गाड्यांचं हे जुनं दुखणं. पूर्वी डॅशबोर्डवर बसवायचा प्लास्टिकचा लोलक विकत मिळायचा, ज्यात डोक्यावरच्या सिग्नलचं प्रतिबिंब दिसे. नातीने तोही इंटरनेटवरून मागवला. पुठ्ठा अर्ध्या इंचाने कापला. अडीच. आजोबा काही बोलले नाहीत.

(जवळून: खांबावर रंग खरवडला जातोय.)

मग तो शनिवार. कापण्याआधी जुना रंग काढायचा म्हणून लेक डाव्या खांबावर घासत होती. रंगाखाली एक करडी पट्टी लागली. पत्र्यापेक्षा मऊ, गॅस टॉर्चच्या आचेने वितळणारी. शिसं. पुट्टी येण्याआधी पत्र्याचे खड्डे शिशाने भरायचे. ते वितळून गळालं आणि खाली निघाली एक सरळ खाच. करवतीची. पाऊण इंच खोल.

कुणीतरी हे छप्पर आधीच कापायला घेतलं होतं.

लेक म्हणाली, शेतकऱ्याचं पोर असेल. नात म्हणाली, पन्नासच्या दशकातलं असणार. मी कॅमेरा जवळ नेला. स्टुलावरून आवाज आला, "माझी आहे ती."

गॅरेजात कुणी हललं नाही.

"1968. गाडी आणली त्याच आठवड्यात. हातकरवतीने."

"मग थांबलास का?"

"ब्लेड तुटलं."

"आणि?"

"आणि काय? दुसरं आणलंच नाही." त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "खाच भरून टाकली. आई ओरडली असती."

यापेक्षा खोल कारण असावं, असं मला फार वाटत होतं. डॉक्युमेंटरी करणाऱ्याला नेहमीच वाटतं. मी दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. दोन्ही वेळा ब्लेडच तुटलं.

लेकीने टेप काढली आणि नव्याने लावली. खालची पट्टी बरोबर त्या खाचेवर.

(आतल्या बाजूने लोखंडी नळ्यांचा सांगाडा. ठिणग्या.)

छप्पर कापणं म्हणजे कापण्यापेक्षा जुळवणं. आधी आतून नळ्या वेल्ड करून बॉडी जखडतात, नाहीतर खांब सुटताच ती पसरते. मग पुढच्या काचेचे खांब, दारांच्या चौकटी, दारामागचे खांब, पाठीमागचा पत्रा. पाच खिडक्या असल्या की कापायच्या जागाही जास्त. खरा त्रास त्यानंतर. गाडी खाली रुंद आणि वर निमुळती. घागरीच्या गळ्यातून एक पट्टा काढून वरचा भाग खाली ठेवला तर कडा जुळतील का? तसंच. लेकीने खांबांना बुडाशी चिरा देऊन ते केसभर आत झुकवले. एकदा नाही जमलं, पुन्हा सोडवलं.

वेल्डिंगही सलग करायचं नाही. एक टाका इथे, एक हातभर लांब तिथे, मधे गार होऊ द्यायचं. घाई केली की पत्रा लाटेसारखा फुगतो. फुगला तर एका बाजूला डॉली धरायची, म्हणजे मुठीत मावणारा पोलादी ठोकळा, आणि दुसऱ्या बाजूने हातोडी. आपल्याकडचा कुठलाही डेंटर हे बघून ओळखीचं हसला असता. डॉली धरायचं काम आजोबांचं. लेक बाहेरून ठोकते, आजोबा आतून ठोकळा हलवत जातात. मधे पत्रा असल्याने दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. आवाजावरून कळतं म्हणे, ठोकळा बरोबर पाठीशी आहे की सरकलाय. बरोबर असेल तर टणक, टिणक. सरकला तर भद्द.

"सरकला."

"नाही सरकला."

भद्द.

"सरकला होता," आतून आवाज येतो.

काचा सपाट होत्या म्हणून सोपं गेलं. छपराचं भोक एका जुन्या स्टेशन वॅगनच्या टपाचा तुकडा घालून बुजवलं. रंग अजून दिलेला नाही. तीन मतं आहेत, त्यात मी पडत नाही.

(सकाळ. गॅरेजचं दार वर जातं. इंजिनाची घरघर.)

फादर्स डेच्या आसपास इथे पोमोनाला रोडस्टरवाल्यांचा मोठा मेळा भरायचा, आजोबा वर्षानुवर्षं तिथे पायी फिरायचे. आज नुसतंच कोपऱ्यावरच्या पंपापर्यंत जायचंय. लेक गॅरेजच्या दारात उभी आहे, हात पुसत. स्टिअरिंगवर नात. शेजारी आजोबा, टोपी काढून, कारण टोपीसकट मावत नाहीत.

पहिल्याच चौकात लाल दिवा. इंजिन तापतंय, काटा वर चाललाय. फ्लॅटहेडला उभं राहणं मानवत नाही. डॅशवरच्या लोलकात ऊन पडलंय, दिसतं ते नुसतं पांढरं. नात वाकते. आणखी वाकते. हनुवटी स्टिअरिंगला टेकते. मागच्याने हॉर्न दिला.

आजोबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलंय.

"हिरवा झाला. चल."