प्रीसिंक्ट नक्की कोणाचं? पोलिसांचं की मतदारांचं?

नमस्कार मंडळी! अमेरिकेतले निकाल यायला लागले की तुमचा प्रश्न ठरलेला: ‘इतक्या टक्के प्रीसिंक्टचे आकडे आले’ म्हणतात, पण प्रीसिंक्ट तर पोलिसांचं असतं ना?

दोघांचंही असतं. न्यूयॉर्कमध्ये पोलिसांची हद्दही प्रीसिंक्ट आणि तिथलं ठाणंही प्रीसिंक्ट. सेंट्रल पार्कला तर स्वतःचं वेगळं आहे. मतदानाच्या विभागाला तिथे इलेक्शन डिस्ट्रिक्ट म्हणतात. बऱ्याच राज्यांत मात्र प्रीसिंक्ट म्हणजे मतदानाचा सर्वांत लहान विभाग. पोलिसांचा नकाशा वेगळा, मतदानाचा वेगळा. झालं.

आता खरी मेख. प्रीसिंक्ट म्हणजे मतदान केंद्र नव्हे! शाळेच्या एकाच हॉलमध्ये तीन प्रीसिंक्टची तीन टेबलं असू शकतात. इमारत बरोबर, पण टेबल चुकलं, की प्रीसिंक्ट चुकलं.

त्याने बिघडतं काय? मतपत्रिका प्रीसिंक्टप्रमाणे बदलते. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार राज्यभर तेच, पण स्कूल बोर्डाचे, राज्य विधिमंडळाचे उमेदवार रस्ता ओलांडला की बदलू शकतात.

टेबलावरच्या यादीत नाव नसेल, तर 2002च्या केंद्रीय कायद्यानुसार ‘प्रोव्हिजनल’ मतपत्रिका, म्हणजे मतदाराची पात्रता तपासून मगच मोजायची तात्पुरती मतपत्रिका, मागता येते. पण ती मिळाली म्हणजे मत मोजलं जाईलच असं नाही! प्रीसिंक्ट चुकलेलं असेल, तर काही राज्यं फक्त तुमच्या हक्काच्या पदांची मतं मोजतात. काही अख्खी मतपत्रिकाच बाद करतात. ॲरिझोनाचा असा नियम सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये 6 विरुद्ध 3 मतांनी कायम ठेवला. मला हे अजिबात पटत नाही. राष्ट्राध्यक्षपदाचं मत कुठल्याही टेबलावर तेच असतं, ते का फेकायचं?

म्हणून तिथे मतदान करणाऱ्या तुमच्या माणसांना सांगा, प्रोव्हिजनल हातात घेण्याआधी विचारा: ‘माझ्या पत्त्याचं प्रीसिंक्ट कुठलं? त्याचं टेबल इथेच आहे का?’ असेल तर तिकडे वळा. नसेल आणि वेळ असेल, तर योग्य केंद्र गाठा. प्रोव्हिजनल भरलीच, तर सोबत मिळालेली माहितीची चिठ्ठी टाकू नका. मत मोजलं का, नसेल तर का नाही, हे त्यावरून विनाशुल्क कळतं. कोलोरॅडोसारखी व्होट सेंटर असतील तर ही अडचणच नाही, कारण कौंटीतल्या कुठल्याही केंद्रावर तुमच्या पत्त्याची मतपत्रिका मिळते.

आणि ते टक्के? ‘शंभर टक्के प्रीसिंक्ट आले’ तरी टपालाची आणि प्रोव्हिजनल मतं मोजायची राहिलेली असू शकतात.