देवघरातला बल्ब

मंडळी, नवरा-बायकोतल्या फसवणुकीची रहस्यकथा लिहायला घेतली की बहुतेक जण आधी नवऱ्याचा हेतू शोधत बसतात. हेतू नंतर मिळतो. आधी दिवा शोधा.

‘गॅसलायटिंग’ (समोरच्याला स्वतःच्याच आठवणीवर, डोक्यावर शंका घ्यायला लावणं) हा शब्द पॅट्रिक हॅमिल्टनच्या 1938 सालच्या ‘गॅस लाइट’ नाटकातून आला. तिथला नवरा चोरून वरच्या मजल्यावर जातो, शोधाशोधीसाठी गॅसचा दिवा लावतो आणि खालच्या दिव्याची ज्योत बारीक होते. पुष्कळांना वाटतं, ज्योत बारीक करणं हा त्याचा डाव. डाव वेगळा आहे, वस्तू लपवायच्या आणि ‘तूच विसरलीस’ म्हणायचं. ज्योत ही त्याच्या नकळत उरलेली खूण. हा फरक सुटला की कथा नुसता छळ होते, रहस्य उरत नाही.

आता हे मालगुंडच्या जांभ्याच्या घरात आणू. नवरा रात्री मागीलदारच्या पडीक विहिरीचा उपसा करतोय, तळाशी काहीतरी आहे. विहिरीवरची मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. लाइनच्या टोकाला असलेल्या घरात तेवढ्यापुरतं व्होल्टेज पडतं आणि देवघरातला पिवळा बल्ब डोळा मिचकावतो. बल्ब जुनाच ठेवा. एलईडी बहुधा हा झटका गिळून टाकतो. आणि कथा जुलैत घडवू नका, पावसात अख्ख्या कोकणातले दिवे मिचकावतात, वाचक वाऱ्याला बोल लावून मोकळा होईल. एप्रिल-मे घ्या. पाणी तळाला गेलेलं, फुटव्हॉल्व्ह (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) उघडा पडतो, मोटार हवा ओढते, तिचा आवाज पातळ होतो. माजघरात जागी असलेल्या बाईला बल्बनंतर हा आवाज ऐकू द्या. सकाळी मोटारीपाशी जळका वास. नवरा म्हणतो, ‘रात्री मोटार कोण लावेल? स्वप्न पडलं असेल तुला.’

मुद्दाम बोललेल्या खोट्याला मात्र समुद्राची कसोटी लावा. नवरा शेजारीपाजारी सांगत सुटलाय, ‘अमावास्येला भर दुपारी ही एकटी खडपावर बसली होती, हाताला धरून आणली.’ बाईला काही आठवत नाही, ती जवळजवळ कबूल होते. मग नजर जाते भिंतीवरच्या कालनिर्णयकडे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरचं पोरही जाणतं. अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. शिवाय उधाण. भर दुपारी ते खडप, म्हणजे किनाऱ्यावरचा कातळ, पाण्याखाली! हेच खोटं त्याने अष्टमीचं सांगितलं असतं तर पचलं असतं. (घाटावरच्या वाचकासाठी हे गणित आधीच्या एखाद्या प्रकरणात कालवं काढणाऱ्या बाईच्या तोंडी टाकून ठेवा, नाहीतर ऐनवेळी तळटीप द्यावी लागते.)

गावाचं जास्त लिहीत नाही कुणी, पण नवऱ्याचं निम्मं काम गाव करतं. ‘बाहेरचं लागलंय’ असं एकाने म्हटलं की कौल लावायला चार जण तयार असतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कागदावर. बाईच्या माहेरची कलमबाग नवऱ्याला हवी, म्हणून ती घरी कागदावर सही करते आणि बाग जाते. असं होत नाही. बक्षीसपत्र नोंदवावं लागतं, दोन साक्षीदार लागतात, दुय्यम निबंधकांपुढे तिचा फोटो आणि अंगठा घेतला जातो. म्हणजे तिला हसतमुखाने तिथवर न्यावं लागेल. आणि ज्या बाईला तुम्ही गावभर वेडी ठरवलंत, तिचं बक्षीसपत्र टिकेल कसं? देणाऱ्याचं मन ठिकाणावर असावं लागतं. तेव्हा आधी सही, मग वेड. कित्येक कथांत हा क्रम उलटा असतो आणि खलनायक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

सही झाल्यावर वेडी कशाला ठरवायची? कारण फसवून केलेला दस्त रद्द करून घ्यायला ती कोर्टात जाऊ शकते, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत. तोवर तिच्या शब्दाला किंमत राहता कामा नये. म्हणून ‘कळल्याचा दिवस’ कथेत नेमका दाखवा. कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांच्या फुल्या असतातच, त्यांत त्या अमावास्येच्या चौकोनात तिच्या हातची एक फुली जास्त. त्या दिवशी दूध आलं होतं.